जुने मोटारहोम विकत घेताना : एका बालरोगतज्ज्ञाची तपासणी

आपल्या बडोद्यातील अनेक मराठी कुटुंबांची मुले व भावंडे अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. माझा धाकटा भाऊ ओहायो राज्यात राहतो. २०२३ च्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा एक जुने मोटारहोम विकत घेण्याचे त्याने मनात धरले होते. सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा यांना घेऊन यलोस्टोनपर्यंत जावे, असा त्याचा बेत होता. "दादा, मोटारीतले तुला काही कळत नाही हे मला ठाऊक आहे; पण तू बरोबर चल," असे तो म्हणाला. दोन शनिवार मिळून आम्ही तीन गाड्या पाहिल्या. इंजिनाविषयीचे माझे अज्ञान तेव्हा होते आणि आजही आहे. तथापि पूर्वेतिहास विचारावा, नंतर डोळ्यांनी पाहावे, हातांनी चाचपावे आणि मगच निष्कर्ष काढावा, ही आपल्या व्यवसायाची शिस्त तेथे उपयोगी पडली. हा अनुभव आपल्या सभासदांना व त्यांच्या परदेशस्थ मुलाबाळांना उपयुक्त ठरेल, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

मोटारहोम म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारे छोटेखानी घर. त्यात झोपण्याच्या जागा, स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज, शौचालय, पाण्याच्या टाक्या, गॅसची टाकी व बहुधा विजेचे जनित्रही असते. अमेरिकेत त्यांचे तीन वर्ग मानतात. बसच्या आकाराचे ते 'ए', बंद व्हॅनमध्ये बसवलेले ते 'बी', आणि व्हॅन किंवा ट्रकच्या सांगाड्यावर मागे खोली बांधून चालकाच्या डोक्यावर एक बिछाना काढलेला असतो ते 'सी'. मुलेबाळे असलेली कुटुंबे बहुधा या 'सी' वर्गाकडे वळतात. आम्हीही याच वर्गातील गाड्या पाहिल्या.

ग्राहकाची नेहमीची चूक अशी की, गाडी तो मेकॅनिकला दाखवतो आणि घर स्वतः पाहतो. घर पाहताना त्याची नजर पडदे, गाद्या आणि ओटा यांवर खिळते. वास्तविक सर्वांत खर्चिक आणि सर्वांत घातक दोष हे गाडी व घर यांच्या सांध्यात दडलेले असतात. ते दोष कोणते आणि ते कसे ओळखावेत, याचा क्रमाने विचार करू.

१. पूर्वेतिहास

मोटारहोमला बहुधा दोन जन्मदाते असतात. सांगाडा व इंजिन एका कारखान्याचे आणि त्यावरील घर दुसऱ्या कारखान्याचे. त्यामुळे सांगाड्याचे निर्मितीवर्ष व घराचे वर्ष यांत कधी कधी एका वर्षाचा फरक आढळतो. सुरक्षिततेच्या कारणास्तव कारखान्याने दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांची यादी अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे असते. ही यादी पाहताना दोन्ही निर्मात्यांची नावे तपासावीत. १९८१ पासून तेथील प्रत्येक वाहनाला सतरा अंकाक्षरांचा ओळखक्रमांक असतो. तो गाडीवर प्रत्यक्ष वाचून मालकीच्या कागदाशी ताडून पाहावा. गाडी पुरात बुडालेली अथवा अपघातात मोडीत काढलेली असेल, तर मालकीच्या कागदावर तशी नोंद असू शकते. मात्र अशी वाहने दूरच्या राज्यात नेऊन विकली जातात आणि कागद बदलताना नोंद गळण्याचा संभव असतो. म्हणून याआधी गाडी कोणकोणत्या राज्यांत नोंदलेली होती, हेही विचारावे.

गाडी कमी मैल चालली आहे, हे विक्रेते गुण म्हणून सांगतात. मोटारहोमच्या बाबतीत तो नेहमीच गुण नसतो. वर्षानुवर्षे एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीत रबराचे सांधे सुकतात, बॅटऱ्या निकामी होतात आणि जनित्र चालू केले नसेल तर त्याच्या इंधनमार्गात चिकट थर साचतो. कमी चाललेल्या गाडीपेक्षा नियमित वापरलेली आणि दुरुस्तीच्या पावत्या जपून ठेवलेली गाडी अधिक विश्वासार्ह होय.

आणखी एक सूचना. आपण पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नये, असे विक्रेत्यास आधीच कळवावे. पहिल्या गाडीच्या बॉनेटवर मी हात ठेवला, तर ते चांगलेच गरम होते. ताप उतरण्याचे औषध पाजून दवाखान्यात आणलेल्या मुलाची मला आठवण झाली. थंड इंजिन सुरू होताना जो आवाज आणि धूर निघतो, तोच खरी माहिती देतो.

२. ओल

जुन्या मोटारहोमचा पहिला शत्रू पाणी. भिंती म्हणजे लाकडी वा अॅल्युमिनियमची चौकट, आत फोम, दोन्ही बाजूंस पातळ प्लायवूड आणि बाहेरून फायबरग्लास वा पत्रा. छपरावर हवेची झरोकी, एसी, अँटेना यांसाठी भोके पाडलेली असतात आणि प्रत्येक भोकाभोवती सीलंटचा लेप असतो. हा लेप दर सहा ते बारा महिन्यांनी पाहून गरजेप्रमाणे दुरुस्त करावा लागतो. तो तडकला की पाणी आत शिरते आणि बाहेर काही दिसण्यापूर्वी भिंत आतून कुजते.

'सी' वर्गात चालकाच्या डोक्यावरील बिछान्याचे पुढचे कोपरे ही गळतीची ठरलेली जागा. पहिल्या गाडीत माझी पुतणी वर चढली आणि "मी इथेच झोपणार!" असे तिने जाहीर केले. गाडी झकपक होती, आतील भिंतीला नवा कागद लावलेला होता. मी गादी उचलून कोपऱ्यात अंगठा दाबला, तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे प्लायवूड खचले. नवा कागद शोभेसाठी लावलेला नव्हता.

तपासणीची रीत सोपी आहे. पाऊस पडून गेल्यावर गाडी पाहावी. खिडक्यांखाली, छताच्या कडांना, शौचालयाभोवती आणि कपाटांच्या आत बोटांनी दाबून पाहावे. अनवाणी चालून जमीन कोठे मऊ लागते ते पाहावे. बाहेरून उन्हात तिरकी नजर टाकल्यास फुगलेली भिंत दिसते. एकाच भागात नवा रंग, नवा कागद किंवा नवी पट्टी असेल, तर का ते विचारावे. आर्द्रतामापक यंत्र अल्प मोलात मिळते. साधारणतः १५ टक्क्यांच्या आतील मोजणी समाधानकारक, २० टक्क्यांच्या वरची शंकास्पद आणि ३० टक्क्यांच्या वर गेल्यास रचनेलाच इजा झाली असावी, असे मानतात.

बालरोगतज्ज्ञ म्हणून येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ओल व बुरशी असलेल्या जागेत राहणे आणि दम्याचा विकार बळावणे यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत मान्य केला आहे. बंद गाडीत, नाकापासून हातभर अंतरावर बुरशी असलेल्या भिंतीशी मूल रात्रभर झोपणार असते. शिरताच कुबट वास आला, किंवा तो झाकण्यासाठी अत्तराचा फवारा मारलेला जाणवला, तर खुशाल परत फिरावे.

३. श्वासातील हवा

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळाने अमेरिकेचा दक्षिण किनारा उद्ध्वस्त केला. निराश्रितांना राहण्यासाठी तेथील शासनाने लाखाहून अधिक फिरती घरे पुरवली. त्यांतील बरीच घरे मोटारीमागे ओढावयाची होती. त्यांची बांधणी मोटारहोमसारखीच असते. पुढील वर्षी राहणाऱ्यांकडून डोळे चुरचुरणे, नाकातून रक्त येणे, खोकला अशा तक्रारी येऊ लागल्या. लहान मुले वारंवार श्वसनविकाराने आजारी पडत आहेत, हे मिसिसिपीतील एका बालरोगतज्ज्ञाच्याही ध्यानी आले. कारण होते प्लायवूड व पार्टिकल बोर्डच्या चिकट द्रव्यातून सुटणारा फॉर्माल्डिहाइड वायू. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने डिसेंबर २००७ व जानेवारी २००८ मध्ये ५१९ घरांची हवा तपासली. तीत सरासरी ७७ पीपीबी (अब्जांश) आणि एका घरात ५९० पर्यंत प्रमाण आढळले. पुढे यांतील घरे 'राहण्यासाठी नाही' असा फलक लावून लिलावात विकली गेली आणि २०१० मध्ये काही ठिकाणी लोक पुन्हा त्यांत राहताना आढळले. त्याच वर्षी अशा लाकडी फळ्यांतून सुटणाऱ्या वायूवर मर्यादा घालणारा कायदा अमेरिकेत संमत झाला.

या बाबतीत जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा उजवी ठरते, कारण वर्षांगणिक हा वायू कमी होत जातो. मात्र उष्णता व दमटपणा वाढला की तो पुन्हा जोराने सुटतो. म्हणून गाडी दोन तास उन्हात दारे-खिडक्या बंद करून ठेवावी आणि मग आत शिरावे. डोळे चुरचुरले, घसा खवखवला, तर ती गाडी दमेकरी मुलासाठी नव्हे. तसेच अलीकडेच नव्या फळ्या घालून 'नूतनीकरण' केलेल्या जुन्या गाडीला जुनेपणाचा हा लाभ मिळत नाही.

४. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड

मोटारहोममधील शेगडी, पाणी तापवण्याचे यंत्र, खोली गरम करण्याची भट्टी आणि बहुतेक जुन्या गाड्यांतील फ्रीज प्रोपेन वायूवर चालतात. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून त्याची सूचना देणारे यंत्र खाली, जमिनीजवळ असावे लागते. गॅसच्या टाकीचा कप्पा आतील खोलीकडून पूर्ण बंद आणि बाहेरच्या बाजूस तळाशी उघडा असावा. फ्रीजमध्ये अमोनिया असतो. त्याच्या मागील नळीवर पिवळसर भुकटी दिसल्यास किंवा अमोनियाचा वास आल्यास तो फ्रीज निकामी आणि आगीच्या दृष्टीने धोक्याचा समजावा.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनशी त्याची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक असते. जनित्राची धुराची नळी फुटलेली असणे, जमिनीला बुजवायचे राहिलेले छिद्र असणे किंवा शेजारी उभ्या गाडीचे जनित्र चालू असणे, एवढे कारण पुरते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या केलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन पुरुष मृतावस्थेत आढळले. जनित्रातून निघालेला हा वायू आत शिरल्याचे तपासात निष्पन्न झाले. तेव्हा हा धोका केवळ परदेशातला नव्हे.

व्यावसायिक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. प्रवासात मुलाला डोकेदुखी, उलटी, सुस्ती आहे, ताप मात्र नाही, आणि घरातील इतरांनाही तसेच होत आहे, अशी हकीकत आली तर पोटाच्या विकारावर थांबू नये. साधा पल्स ऑक्सिमीटर अशा वेळी खोटा दिलासा देतो, कारण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन तो प्राणवायूयुक्त म्हणून मोजतो. प्रथम सर्वांना मोकळ्या हवेत आणावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार ते पाच तास लागतात. शंभर टक्के प्राणवायू दिल्यास सुमारे एक ते दीड तास.

दुसऱ्या गाडीत बिछान्याशेजारच्या भिंतीवर एक फिकट चौकोन आणि स्क्रूची दोन भोके दिसली. तेथे कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र होते. "सारखे वाजायचे, म्हणून काढून टाकले," असे विक्रेता हसत म्हणाला. ते का वाजत होते, हे पाहावे असे त्याला वाटले नव्हते. ही यंत्रे साधारणतः पाच ते सात वर्षांत बाद होतात. तारीख यंत्राच्या पाठीवर असते. जुनी गाडी घेतल्यावर पहिला खर्च नव्या यंत्रांचा करावा.

५. मुले बसणार कोठे?

जाहिरातीत 'सहा जण झोपू शकतात' असे लिहिलेले असते. किती जण पट्टा बांधून बसू शकतात, हे लिहिलेले नसते. दुसऱ्या गाडीत बिछाने सहा होते; पट्टे मात्र चार जागांनाच, आणि त्यांतील दोन आडव्या सोफ्यावर होते.

लहान मुलाची सुरक्षा-खुर्ची बाजूस तोंड असलेल्या आसनावर कधीही लावू नये. प्रवासाच्या दिशेस तोंड असलेले आसन आणि गाडीच्या पोलादी सांगाड्याशी जखडलेला पट्टा, या दोन गोष्टी अनिवार्य मानाव्यात. जेवणाच्या मेजाभोवतीची बाके पुष्कळदा लाकडी पेटीवर बसवलेली असतात. पट्टा नुसत्या प्लायवूडमध्ये स्क्रूने बसवला असेल तर आघातात तो टिकणार नाही. गादी उचलून पट्ट्याचे मूळ पाहावे. जुन्या गाड्यांत मागे केवळ कमरेचा पट्टा असतो. मोठ्या मुलांच्या उंच बैठकीला, म्हणजे बूस्टरला, कमरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही पट्टे लागतात. गाडी चालू असताना कोणीही बिछान्यावर झोपू नये, मग मूल कितीही रडो.

आपल्या मुलांच्या खुर्च्या बरोबर नेऊन त्या प्रत्यक्ष लावून पाहाव्यात. आम्ही त्या नेल्या होत्या. दहा मिनिटांत दुसऱ्या गाडीचा निकाल लागला.

६. वजन आणि टायर

गाडीवर तिच्या कमाल वजनाचा आणि किती भार वाहता येईल याचा फलक असतो. तो न वाचताच लोक सामान भरतात. पाण्याची १५० लिटरची टाकी भरली की १५० किलो तेथेच झाले. त्यावर माणसे, सायकली, धान्य आणि भांडी. भारक्षमता अपुरी असेल, तर ब्रेक व टायर यांवर ताण येतो.

मोटारहोमचे टायर झिजून जाण्याआधी वयाने मरतात. नक्षी शाबूत दिसते, रबर मात्र आतून जीर्ण झालेले असते. टायरच्या कडेवरील शेवटचे चार अंक वाचावेत. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष सांगतात. तिसऱ्या गाडीच्या टायरांवर '३११५' असे अंक होते, म्हणजे २०१५ चा एकतिसावा आठवडा. आठ वर्षांचे ते टायर बदलणे आवश्यक होते आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करून घेतली.

७. पाणी

ओहायोसारख्या थंड प्रदेशात हिवाळ्यात नळ्यांतील पाणी गोठून नळ्या फुटतात. म्हणून टाकी भरून, पंप चालू करून, सर्व नळ उघडून पाहावे आणि मग कपाटांतून व गाडीखालून गळती शोधावी. 'सध्या पाणी काढून ठेवले आहे' ही सबब मान्य करू नये. गाडी घेतल्यावर पिण्याच्या पाण्याची टाकी क्लोरीनने शुद्ध करावी. दर १५ गॅलनला पाव कप साधे घरगुती ब्लीच घालून, सर्व नळांतून ते पाणी फिरवून, काही तास ठेवावे आणि मग भरपूर पाण्याने धुऊन काढावे.

८. आपल्याकडील स्थिती

भारतातही आता कॅराव्हॅन दिसू लागल्या आहेत. महाराष्ट्र व केरळ शासनांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली. आपल्याकडील बऱ्याच गाड्या व्हॅन किंवा टेंपोमध्ये फेरफार करून बनवलेल्या असतात. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी-पुस्तिकेतील तपशील विसंगत होईल असा फेरफार मालकास मनाने करता येत नाही. म्हणून अशी जुनी गाडी घेताना नोंदणी-पुस्तिकेतील वर्णन, आसनसंख्या आणि प्रत्यक्ष गाडी यांचा मेळ पाहावा. मेळ नसेल, तर अपघातानंतर विमा मिळण्यास अडचण येऊ शकते. मालकी बदलण्यास नमुना २९ व ३०, आणि महाराष्ट्रातून गुजरातेत गाडी आणताना नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. घरगुती गॅसचे सिलिंडर कपाटात ठेवून रबरी नळीने शेगडी जोडलेली आढळल्यास ती गाडी घेऊ नये.

९. निर्णय

तिसरी गाडी सर्वांत कुरूप होती. पडदे विटलेले, गाद्यांचा रंग उडालेला, सूचना-यंत्राची मुदत संपलेली. परंतु भिंती कोरड्या होत्या, मागे दोन आसने प्रवासाच्या दिशेस तोंड करून पक्क्या पट्ट्यांसह होती आणि वृद्ध मालकाने दुरुस्तीच्या पावत्यांची जाडजूड फाईल टेबलावर ठेवली. तरीही भावाने लगेच होकार दिला नाही. स्वतंत्र तपासनीसाला पैसे देऊन त्याने गाडीची तपासणी करून घेतली, आणि त्यानंतरच व्यवहार झाला. पहिली गाडी हातची गेली म्हणून पुतणी दोन दिवस रुसली होती. वहिनी तिची समजूत घालताना एवढेच म्हणाली, "पडदे आपण नवे शिवू."

ज्यांना हा विचार करावयाचा असेल, त्यांनी प्रथम आठवडाभर असे मोटारहोम भाड्याने घेऊन राहून पाहावे. हौस टिकली तर खरेदीचा विचार करावा. खरेदीच्या वेळी मुलांना घरी ठेवावे, त्यांच्या खुर्च्या मात्र बरोबर न्याव्यात. गाडीत किमान दोन ते तीन तास घालवावेत. भिंत ओली असेल, मुलांना दिशेस तोंड करून पट्ट्याने बसता येत नसेल किंवा वायूची सूचना देणारे यंत्र कोणी काढून टाकले असेल, तर किंमत कितीही कमी असो, ती गाडी नाकारावी. उरलेले बहुतेक दोष पैशाने दुरुस्त होतात. हे तीन दोष ज्यांच्या अंगावर येतात ती मुले मागे झोपलेली असतात, आणि गाडीची निवड त्यांनी केलेली नसते.